एकच हेडफोन, तीन श्रोते : सेनहायझर एचडी ६०० वर्षभर वापरल्यानंतर

या परीक्षणात हेडफोनविषयी काही सांगण्यापूर्वी माझ्या कानांविषयी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुढे येणारे प्रत्येक मत या दोन कानांतून गाळून आलेले आहे. माझे वय ५३ आहे. श्रवणतज्ज्ञांकडून काढून घेतलेल्या ऑडिओग्रामनुसार, म्हणजे कोणता स्वर किती पातळीला ऐकू येऊ लागतो याच्या आलेखानुसार, २५० ते २,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर माझ्या दोन्ही कानांना १० ते १५ डेसिबलच्या पातळीवर ऐकू येतात, म्हणजे तिथे काही तक्रार नाही. ४,००० हर्ट्झला मात्र उजव्या कानाला २० आणि डाव्या कानाला ४० डेसिबल लागतात. ८,००० हर्ट्झला डावा कान पुन्हा सावरून २५ वर येतो. आलेखात मधेच खड्डा पडल्यासारखी ही आकृती मोठ्या आवाजात दीर्घकाळ काम केलेल्या माणसांत नेहमी आढळते, आणि माझी उमेदीची बरीच वर्षे यंत्रांच्या आवाजात गेली आहेत. नेहमीची श्रवणतपासणी ८,००० हर्ट्झवर थांबते. त्यापुढचे शुद्ध स्वर मी घरी वाजवून पाहिले, तेव्हा १२,००० हर्ट्झच्या वर मला काहीही ऐकू आले नाही.

ऑडिओ उपकरणांच्या परीक्षणात कोणता अ‍ॅम्प्लिफायर वापरला, कोणती ध्वनिमुद्रणे ऐकली, कधीकधी केबल कोणती होती हेसुद्धा लिहिलेले असते, पण ऐकणाऱ्याचे कान कसे आहेत हे जवळजवळ कधीच लिहिलेले नसते. या उणिवेची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी मी कानात खोलवर बसणारे एक महागडे इअरफोन घेतले होते. सर्वांनी त्यांच्या वरच्या पट्टीतल्या ‘मोकळ्या हवेची’ तोंडभरून स्तुती केली होती, आणि ती स्तुती खोटी होती असे मी आजही म्हणणार नाही. पण ती हवा बहुतांशी १२,००० हर्ट्झच्या पलीकडे होती. मी ज्या गुणासाठी पैसे दिले, तो गुण ऐकण्याचे साधन माझ्याकडे नव्हते. सहा महिने मी गाण्यांना, फायलींना, अ‍ॅम्प्लिफायरला दोष देत राहिले, आणि मग तपासणी करून घेतली.

त्यानंतर घेतलेला हा एचडी ६००. तो १९९७ साली बाजारात आला आणि आजही तयार होतो. मागून जाळीने उघडा, कानाभोवती बसणारा, सुमारे २६० ग्रॅम वजनाचा, आणि ३०० ओहम रोधाचा, म्हणजे वाजवायला जास्त विद्युतदाब मागणारा. कानाच्या गाद्या, पट्ट्याची गादी, केबल, इतकेच काय पण आतले ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे छोटे स्पीकर) सुद्धा सुटे मिळतात आणि साध्या हातांनी बदलता येतात. नवा असताना त्याची पकड घट्ट असते; चष्मा लावणाऱ्यांना पहिले काही आठवडे कानशिलांवर दाब जाणवतो, नंतर तो सैलावतो.

आता आवाज. या हेडफोनचा आत्मा मधल्या पट्टीत आहे. तंबोऱ्याच्या एका ध्वनिमुद्रणावर मी बराच वेळ घालवला. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते, आणि तिच्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार हा तिचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या पाचपट, असल्यामुळे ३४६ हर्ट्झच्या आसपास असतो. तंबोऱ्यातल्या गोडव्याचा इतका सूक्ष्म भाग मोजपट्टीवर किती खाली आहे हे पाहून मला फार दिलासा मिळाला. एचडी ६०० वर तो गंधार तारांच्या झंकारातून वेगळा होऊन स्थिर राहतो, खालच्या षड्जाच्या गुंजारवात बुडत नाही, आणि जवारीचा कण खरबरीत न होता कानाशी येतो. गायकाचा श्वास, सारंगीवर नख तारेला घासते तो क्षण, तबल्याच्या चाटीची कड या सगळ्यांना आपापली जागा आहे. हे सगळे माझ्या कानांच्या हक्काच्या प्रदेशात घडते, म्हणून या बाबतीत माझ्या शब्दावर विसंबायला हरकत नाही.

जिथे विसंबू नये ती जागा ३,००० ते ४,००० हर्ट्झची आहे. या भागात एचडी ६०० किंचित पुढे झुकलेला आहे, ही त्याची ओळखीची खूण आहे. माझ्या डाव्या कानाचा खड्डा नेमका इथेच पडतो. त्यामुळे मला व्हायोलिनची धार आणि व्यंजनांचा ठसठशीतपणा अगदी हवा तेवढा वाटला. पहिल्या दिवशी मी वहीत ‘समतोल’ असा एकच शब्द लिहिला होता. त्याच संध्याकाळी माझ्या भाचीने तोच हेडफोन, तीच ध्वनिमुद्रणे, तितक्याच आवाजात ऐकली. ती सतरा वर्षांची आहे आणि तिला १७,००० हर्ट्झचा स्वर सहज ऐकू येतो. गायिकेचा ‘स’ काही ठिकाणी टोचतो, आणि अर्ध्या तासानंतर हेडफोन काढून ठेवावासा वाटतो, असे ती म्हणाली. मी तो तुकडा पाच वेळा ऐकला. मला तो ‘स’ टोचला नाही. आमच्यापैकी कोणाचेही चुकत नव्हते, पण माझा ‘समतोल’ हा शब्द तिने परीक्षणात वाचून खरेदी केली असती तर तो तिला चुकीचा ठरला असता.

याचे कारण केवळ श्रवणक्षीणतेत शोधायचे नाही; निरोगी कानसुद्धा एकसारखे नसतात. बाहेरच्या कानापासून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची असते आणि एका टोकाला बंद असलेल्या बासरीसारखी ती ३,००० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाला दहा-पंधरा डेसिबलने उचलून धरते. नळी कोणाची आखूड, कोणाची रुंद, कोणाची वळणदार. त्यानुसार हा उठाव थोडा वर-खाली सरकतो. कानाच्या पाळीच्या घड्या आणि खळगे ५,००० हर्ट्झच्या वरच्या आवाजावर याहूनही अधिक वैयक्तिक ठसा उमटवतात. हेडफोनची मोजमापे ज्या कृत्रिम डोक्यावर घेतली जातात, त्यांतले केमार हे प्रसिद्ध डोके १९७२ साली सरासरी प्रौढ माणसाच्या मापांवरून घडवले गेले. आलेखावरची रेषा त्या सरासरी कानाची असते. ती मोलाची आहे, कारण दोन हेडफोनांची तुलना करायला कोणते तरी एकच डोके लागते. पण वरच्या पट्टीत ती रेषा माझ्या किंवा तुमच्या कानापासून कित्येक डेसिबल दूर असू शकते. कानात खोल जाणाऱ्या इअरफोनांत हा फरक आणखी वाढतो, कारण नळीचे तोंड बंद झाल्यावर तिचा अनुनादच बदलतो आणि इअरफोन दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसल्यानेही वरचा आवाज पालटतो. एचडी ६०० पाळीला न चेपता तिच्याभोवती बसतो, त्यामुळे आपली पाळी आणि आपली नळी या दोन्ही आपापले काम करू शकतात. माझ्या मते या रचनेचा हा मोठा, आणि फारसा न बोलला जाणारा, गुण आहे.

आवड हा वेगळा थर त्यावर चढतो. हर्मन या कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ पासून हेडफोनचा कोणता समतोल लोकांना आवडतो याचा पद्धतशीर अभ्यास केला. बहुसंख्यांना चालेल अशी एक रेषा त्यांना सापडली खरी, पण खर्ज आणि तार या दोन्ही टोकांची पसंती श्रोत्याच्या वयानुसार आणि ऐकण्याच्या अनुभवानुसार बदलते हेही त्याच कामातून पुढे आले.

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. कान कमी ऐकत असतील तर चोख उपकरणावर खर्च करणे वाया जाते का? पुष्कळ जण असे समजतात आणि माझ्या वयाच्या माणसांना सौम्यपणे तसे सुचवतातही. वर्षभराच्या अनुभवानंतर मी ठामपणे नाही म्हणते. मी समोर बसून व्हायोलिन ऐकते तेव्हाही याच डाव्या कानाने, याच खड्ड्यासह ऐकते. माझ्या मेंदूच्या लेखी व्हायोलिनचा आवाज तोच आहे. हेडफोनने मूळ आवाज इमानाने उभा केला तर तो माझ्या कानांतही व्हायोलिनसारखाच उतरतो, आणि त्याने मधल्या पट्टीत रंग मिसळला तर तो मला तरुण माणसाइतकाच खटकतो. जे गमावले आहे त्या प्रदेशातले फरक मला कळणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो प्रदेश केवढा आहे हेही मोजून पाहावे. २० ते २०,००० हर्ट्झ म्हणजे जवळपास दहा सप्तके. त्यांतले १२,००० च्या पुढचे सारे मिळून पाऊण सप्तक भरते. पियानोची सर्वांत वरची पट्टी ४,१८६ हर्ट्झवर आहे. त्या पाऊण सप्तकात झांजांचा शेवटचा झळाळ आणि खोलीच्या अवकाशाची काही सूचना असते, पण रागाचा एकही स्वर नसतो.

म्हणूनच या हेडफोनच्या माहितीपत्रकातला १२ ते ४०,५०० हर्ट्झ हा आकडा खरेदीच्या निर्णयात मी मोजत नाही. चाळीस हजार हर्ट्झ कोणत्याच माणसाला ऐकू येत नाहीत. साध्या सीडीचा ४४,१०० चा नमुनादरसुद्धा (दर सेकंदाला आवाज किती वेळा मोजून नोंदला जातो तो आकडा) २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज सामावून घेतो, जो माझ्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे. ९६,००० च्या नमुनादराच्या फायलींसाठी मी पूर्वी जास्तीचे पैसे देत असे. आता देत नाही. भाचीलाही मी तेच सांगितले, कारण तिचे तरुण कानदेखील त्या फायलींच्या वरच्या अर्ध्या भागापर्यंत पोहोचत नाहीत.

अ‍ॅम्प्लिफायरचा हिशेब मात्र उलटा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होते. ३०० ओहमचा हा हेडफोन फोनला थेट जोडला तर वाजतो, पण अनेक फोनांवर मोठ्या आवाजाची सोय उरत नाही. ज्याला १० डेसिबल अधिक पातळी लागते त्याला दहापट शक्ती लागते, म्हणजे विद्युतदाब तिपटीहून थोडा अधिक. ‘वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची गरज नाही’ असे तीक्ष्ण कानांचा परीक्षक प्रामाणिकपणे लिहितो, तेव्हा त्याच्यासाठी ते खरे असते. माझ्या थोरल्या बंधूंसाठी ते अजिबात खरे नव्हते.

ते एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि श्रवणयंत्रे वापरतात. २,००० हर्ट्झपासून पुढे त्यांची श्रवणशक्ती उताराला लागते. यंत्रे काढून, अ‍ॅम्प्लिफायर लावून त्यांना हा हेडफोन दिला तेव्हा पहिले मत असे आले की आवाज छान आहे, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत. हे अपेक्षितच होते, कारण ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ यांना वेगळेपण देणारा आवाज वरच्याच पट्टीत असतो. मग संगणकावरच्या इक्वलायझरने (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) मी २,००० हर्ट्झच्या वरचा भाग १२ डेसिबलने उचलला. शब्द उघडले, पण दोन मिनिटांनी वाद्यमेळ भरात येताच त्यांनी कपाळाला आठ्या घालून हेडफोन काढला. अंतःकर्णातल्या केसपेशी क्षीण झालेल्या कानाला हलका आवाज ऐकू येत नाही, परंतु मोठा आवाज मात्र निरोगी कानाइतकाच, आणि कधी त्याहून जास्त, मोठा लागतो. ऐकू येणे आणि सहन न होणे यांच्यातली जागाच आकसलेली असते. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात जितकी क्षीणता तितकी भरपाई न करता साधारण निम्मी करण्याचा जुना ठोकताळा आहे, आणि आधुनिक यंत्रे हलक्या आवाजाला अधिक, मोठ्याला कमी उचलतात, ती याचसाठी. मी उठाव ६ डेसिबलवर आणला आणि ध्वनिमुद्रणही मोठ्या चढउतारांचे न निवडता संथ गायनाचे निवडले. त्यावर त्यांनी पूर्ण बडा ख्याल ऐकला.

त्यांच्या अनुभवातून या हेडफोनचा आणखी एक गुण कळला. इक्वलायझरने एवढा उठाव देऊनही आवाज फाटला नाही की किरकिरा झाला नाही. ज्याला भरपाई करून ऐकायचे आहे त्याने हेडफोन निवडताना त्याचा मूळ रंग कसा आहे यापेक्षा तो आकार घेऊन किती स्वच्छ राहतो हे पाहावे, असे माझे मत झाले आहे. दुरुस्ती मर्यादेतच काम करते हेही त्याच संध्याकाळी दिसले: क्षीण कानाची जवळजवळच्या स्वरांना वेगवेगळे ठेवण्याची शक्तीही घटते, आणि दाट वाद्यमेळात भाऊंना जो गोंधळ ऐकू येत होता तो कोणत्याही बटनाने सुटला नाही.

माझ्या स्वतःसाठी मी फक्त डाव्या बाजूला, ४,००० हर्ट्झभोवती, ५ डेसिबलचा हलका उठाव ठेवला आहे. त्यापूर्वी झांज आणि तबल्याची ‘ना’ उजवीकडे ओढल्यासारखी वाटत असे. आता ती मधोमध येते. पहिले तीन-चार दिवस डावी बाजू परकी वाटली, मग मेंदूने ती आपली मानली. अलीकडे काही फोन आणि इअरफोन श्रवणचाचणी घेऊन अशी जुळणी आपोआप करतात. २०२४ मध्ये एअरपॉड्स प्रो २ ला अशी चाचणी आणि सौम्य ते मध्यम क्षीणतेच्या प्रौढांसाठी श्रवणसाहाय्य अशा दोन्ही सोयी मिळाल्या. एचडी ६०० मध्ये स्वतःची अशी कोणतीच सोय नाही, सगळे बाहेरून करावे लागते, आणि ज्यांना संगणकाशी खटपट करायची नाही त्यांनी हे ध्यानात घ्यावे. सेनहायझरचा घरगुती ऑडिओ विभाग २०२२ मध्ये श्रवणयंत्रे बनवणाऱ्या सोनोव्हा या स्विस समूहाकडे गेला. संगीताचे हेडफोन आणि श्रवणयंत्रे एकाच छताखाली आली, त्यामुळे तारेच्या, साध्या, मोठ्या हेडफोनांच्या श्रोत्यालाही आपला ऑडिओग्राम कुठेतरी भरता यावा अशी सोय तिथून निघावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

उणिवा थोडक्यात सांगते. अगदी खोल खर्ज या हेडफोनमध्ये हळूहळू ओसरतो. पखवाजाची थाप ऐकू येते, पण ती छातीशी येत नाही. हलक्या आवाजात ही उणीव अधिक भासते, आणि त्यात कानाचाही वाटा आहे, कारण पातळी उतरली की माणसाचा कान खर्जाला सर्वांत आधी सोडतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवले होते. हेडफोन मागून उघडा असल्याने बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतले गाणे बाहेर जाते. गोंगाटाच्या जागी तो वापरू नये, कारण तिथे आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो, आणि गमावलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. पातळी प्रत्येक ३ डेसिबलने वाढली की तो वेळ निम्मा होतो. भाऊंच्या बाबतीत मी ही मर्यादा काटेकोर पाळते, कारण त्यांना मोठा वाटत नसलेला आवाजही त्यांच्या उरलेल्या पेशींवर तितकाच आदळतो.

दुकानात किंवा मित्राकडे तुलना करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी अनुभवाच्या आहेत. दोन हेडफोन तपासताना आवाजाची पातळी शक्य तितकी सारखी करावी, कारण जरासा मोठा वाजणारा हेडफोन चांगलाच वाटतो. आणि एका बाजूचा आवाज दबलेला वाटला तर हेडफोन उलटा घालून पाहावा: दबलेपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष हेडफोनचा किंवा त्यामागच्या जोडणीचा, त्याच कानात राहिला तर कानाचा. गेल्या हिवाळ्यात मला उजवी बाजू मंद वाटू लागली, केबल बदलण्याच्या बेतात असताना मी ही तपासणी केली आणि मंदपणा उजव्या कानातच राहिला. डॉक्टरांनी साचलेला मळ काढल्यावर तो गेला.

मग हा हेडफोन कोणी घ्यावा? ज्यांचे ऐकणे गळा, तंतुवाद्ये आणि संथ विस्तार यांच्याभोवती आहे, ज्यांच्याकडे शांत खोली आहे, आणि ज्यांच्या कानांनी वरचे पाऊण किंवा एक सप्तक सोडून दिले आहे, त्यांना यातला जवळजवळ प्रत्येक पैसा ऐकू येईल. भाचीसारख्या तीक्ष्ण कानांच्या श्रोत्यांनी ३,००० हर्ट्झभोवती दोन डेसिबल उतरवून ऐकावे किंवा याच घराण्यातला, थोडा मऊ प्रकृतीचा एचडी ६५० आधी ऐकावा. तिला तोच अधिक आवडला. मध्यम किंवा त्याहून अधिक क्षीणता असलेल्यांनी अ‍ॅम्प्लिफायर आणि इक्वलायझर यांचा खर्च व खटपट किमतीत धरावी, आणि ऑडिओग्राम नसेल तर हेडफोनच्या आधी तो काढून घ्यावा.

वर्षभराच्या वापराने कानाच्या गाद्या आता चेपल्या आहेत. त्यामुळे ड्रायव्हर कानाच्या अधिक जवळ आला आहे आणि मधल्या पट्टीची वरची कड पहिल्या महिन्यापेक्षा थोडी पुढे आलेली वाटते. नव्या गाद्या आणून ठेवल्या आहेत. त्या बसवल्यावर डाव्या बाजूचा ५ डेसिबलचा उठाव तसाच ठेवावा लागतो की बदलावा लागतो, हे भाचीला शेजारी बसवून पुन्हा तपासणार आहे.